न वाजणारा डबा

“खिसे उलटे कर.”

थोरल्या वेटरने आवाज जरासुद्धा चढवला नव्हता. दुपारची जेवणं आटोपली होती, टेबलं पुसून झाली होती आणि चहाची गिऱ्हाइकं यायला अजून तासभर होता. दोघे धाकटे वेटर ग्लास पुसायचे थांबले. गल्ल्यावर बसलेल्या मालकीणबाईंनी मान वर केली. नवी वेटर मात्र ट्रे छातीशी धरून होती तिथेच उभी राहिली.

नवी पुलापलीकडची. पूल ओलांडला की दुसरा देश. वीस दिवसांपूर्वी ती मुलीला घेऊन इकडे आली, मुलीचं नाव शाळेत घातलं आणि बाईंनी तिला महिनाभर बघू म्हणून कामावर ठेवलं. आज ती चोर ठरली तर नोकरी जाणार, आणि नोकरी गेली की इथे राहायचा परवानाही. हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

गल्ल्याशेजारी पत्र्याचा एक डबा होता. त्याला कुलूप, आणि झाकणाला फट. गिऱ्हाईक उठताना बशीत जी नाणी ठेवून जाई ती त्या डब्यात टाकायची, आणि चांगली वाजवून टाकायची, म्हणजे सगळ्यांना ऐकू जातं. महिनाअखेर बाई कुलूप काढत आणि वेटरांत सारखी वाटणी होई. हा वाजवायचा नियम थोरल्यानेच अकरा वर्षांपूर्वी घालून दिला होता. त्याचे कान इतके तिखट की पाठमोरा असला तरी कुठलं नाणं पडलं ते सांगायचा. पुलापलीकडची नाणी इकडे चालत नाहीत, नोटा चालतात. म्हणून तिकडून इथे जेवायला येणारी माणसं उठताना नोटेची घडी करून वेटरच्या हातात सरकवतात. पण ती गोष्ट वेगळी. ती काही बशीतली टिप नव्हे.

नवीला त्याने नियम मुद्दामच सांगितला नव्हता. सरळ माणसाला तो बघून कळतो, असं त्याचं म्हणणं. आणि वीस दिवसांत तिच्या हातून डबा एकदाही वाजला नाही.

पहिले दोन दिवस त्याने दुर्लक्ष केलं. तिसऱ्या दिवशी मनात पाल चुकचुकली. मग तो तिच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायला लागला. बशीतली नाणी ती उचलायची, हे त्याने स्वतः पाहिलं होतं. मग ती कोपऱ्यात जाऊन, पाठ करून काहीतरी खुडबुड करायची. मग डब्यावरून हात फिरवल्यासारखं करायची. आणि आवाज? नाव नको. वर पुन्हा चेहरा कसा, तर साळसूद. “काका, बसा घटकाभर, गुडघे दुखत असतील.” त्याच्या गुडघ्यांची चौकशी बायकोनेसुद्धा कधी एवढी केली नव्हती. म्हणजे नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं. आज खिडकीजवळच्या टेबलावर बशीत सात नाणी होती. त्याने मोजली होती. सातांपैकी एकही वाजलं नाही.

नवीने ट्रे खाली ठेवला आणि एप्रनचे खिसे टेबलावर रिकामे केले. पेन्सिल, ऑर्डरची वही, परवान्याचं कार्ड आणि मुलीची केसांची एक पिन. एवढंच.

“नाणी कुठे आहेत?”

“डब्यात, काका.”

“डब्यात पडलेलं मला ऐकू येत नाही होय?”

बाईंनी किल्ली काढली आणि डबा टेबलावर उपडा केला. नाणी खळखळून सांडली. त्यांच्यामागून कागदाच्या पुड्या पडल्या. पंचवीस-तीस तरी असतील. बाईंनी एक उलगडली. ती पलीकडची नोट होती आणि तिच्या घडीत सात नाणी होती.

थोरल्याच्या तोंडचं पाणी पळालं.

“वाजवून टाकायचं असतं हे मला माहीत नव्हतं,” नवी म्हणाली. “आमच्याकडे गिऱ्हाइकासमोर पैसे वाजवले तर त्याचा अपमान होतो. म्हणून हातात मिळालेल्या नोटेत बशीतली नाणी गुंडाळायची आणि हळूच सोडायची. चुकलं असेल तर उद्यापासून वाजवीन.”

बाई एकेक पुडी सोडवत होत्या. नोटांची चळत वाढत गेली. “कमाल आहे,” त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. “अकरा वर्षं हा डबा मी उघडतेय. यातून नोट निघालेली आज पहिल्यांदा बघतेय.”

दोघे धाकटे वेटर पुसून लख्ख झालेले ग्लास पुन्हा पुसायला लागले.

नवीने गोंधळून थोरल्याकडे बघितलं. “नोटा यात टाकायच्या नसतात का, काका? मग तुम्ही सगळे त्या कशात टाकता?”

उत्तर त्याच्याकडे होतं. नोट हातात दिलेली असते, म्हणून ती ज्याच्या हातात पडली त्याची. अकरा वर्षं त्याने स्वतःला हेच सांगितलं होतं आणि दोघा धाकट्यांनाही शिकवलं होतं. त्यात खोट आहे असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. आत्ता ते ओठांवर येईना. कोटाच्या आतल्या खिशात दुपारच्या दोन नोटा होत्या आणि त्याला भयंकर लाज वाटत होती.

खिसे उलटे कर, असं त्याला कोणीही म्हणालं नाही. कोणीतरी म्हणावं म्हणून तो बराच वेळ उभा राहिला, आणि मग स्वतःच कोटाचं बटण काढायला लागला.