झाडाचा नकार

पान खुडण्याआधी श्यामकांत सरांनी त्यावर बोट ठेवलं आणि डोळे मिटले. झाडाची परवानगी मागितल्याशिवाय ते काही तोडत नसत. याच एका सवयीवर त्यांनी पुस्तक लिहिलं होतं, आणि जर्मनीतल्या बॉनच्या विद्यापीठात ज्यांना पूर्वी कुणी कॉफीलाही विचारत नव्हतं, ते आता वनस्पतींचे तत्त्वज्ञ म्हणून रेडिओवर बोलत होते.

"दिली हो परवानगी," म्हणत त्यांनी पान पिशवीत टाकलं. "रानलसूण खुडायला मी पहिल्यांदाच आलोय. चुकलो तर सांग हं, सिद्धेश."

सिद्धेश मागे उभा होता. सर चुकत होते.

एप्रिलमध्ये अर्धं बॉन या जंगलात रानलसणासाठी येतं, आणि पहिल्याच वर्षी कुणीतरी बजावतं की अगदी तशीच दिसणारी दुसरीही पानं असतात. त्यांना लसणाचा वास नसतो, एवढाच फरक. ती पोटात गेली की थेट हृदयावर घाव घालतात. सरांच्या पिशवीत दोन्ही पडत होती. या थोर माणसाला मेथी आणि कोथिंबीर वेगळी ओळखता येत नाही, असं विद्यार्थी पाठीमागे म्हणत. ते काही खोटं नव्हतं.

"बरोबर आहे, सर," सिद्धेश म्हणाला.

म्हणताना त्याचा आवाजसुद्धा कापला नाही. गेल्या आठवड्यातल्या व्याख्यानापासून त्याच्या आत काहीतरी करपलं होतं. झाडाचं विष म्हणजे झाडाचा नकार, हा विचार त्याचा. त्यासाठी त्याने तीन वर्षं रक्त आटवलं होतं. त्याची पीएचडी, पुढची नोकरी, सगळं त्यावर टांगलेलं. सरांनी तो भर सभेत स्वतःचा असल्यासारखा मांडला, त्यावर नवं पुस्तक येतंय म्हणून जाहीर केलं. सभागृह उठून उभं राहिलं. तिसऱ्या रांगेत सिद्धेशनेही टाळ्या वाजवल्या होत्या.

"आज थालीपीठं लावू. तू जेवूनच जा. तुझी काकू पुण्याला गेल्यापासून एकट्याने जेवायचा कंटाळा आलाय."

"सर, आज माझी एकादशी आहे."

एकादशी बिकादशी काही नव्हती. बॉनला आल्यापासून त्याने एक उपवास धरला नव्हता.

"अरे वा! घरची सवय मोडली नाहीस." सरांना खरोखरच आनंद झाला. "मग तुझ्यासाठी भगर टाकतो. लसूण तर तुला चालायचाच नाही."

"अजिबात नाही," सिद्धेश म्हणाला.

घरी आल्यावर सर ओट्याशी उभे राहून एकेक पान नाकाशी नेऊ लागले. सिद्धेश दारातच थबकला. कळलं की काय? पण सर गुणगुणत होते. त्याच्याने ते बघवेना. तो बाहेर येऊन ताटं मांडत बसला.

सरांच्या ताटात हिरव्या ठिपक्यांची खरपूस थालीपीठं आली, वर लोण्याचा गोळा. सिद्धेशच्या ताटात भगर, दाण्याची आमटी, हिरवी चटणी. त्याने मान खाली घातली आणि भराभर जेवला. चटणी जरा कडवट होती. सरांचा स्वयंपाक असाच असायचा. ताटात काही टाकायचं नाही ही घरची शिस्त, म्हणून त्याने तीही बोटाने पुसून खाल्ली.

सरांनी दुसरं थालीपीठ घेतलं. सिद्धेशच्या पोटात ढवळून आलं. पाप पचत नाही म्हणतात ते हेच असावं, असं त्याला वाटलं.

"आल्झो," सर जर्मन लोकांसारखं 'तर मग' म्हणाले, "तू माझ्यावर रागावलायस."

"नाही, सर."

"रागव. व्याख्यानात मी तुझं नाव घेतलं नाही, कारण प्रकाशकाशी माझं भांडण चाललं होतं. विद्यार्थ्याचं नाव छापायला ते तयार नव्हते. मी म्हटलं, मग माझंही नको. काल कबूल झाले एकदाचे. मुखपृष्ठावर आधी तुझं नाव येतंय, खाली माझं."

सिद्धेश उठला. त्याने सरांच्या हातातला घास हिसकावला, तशी खुर्ची मागे कोसळली.

"थुंका, सर! थुंका ते! मी ॲम्ब्युलन्स बोलावतो." त्याला रडू फुटलं. "पिशवीत विषारी पानं होती. मी बघितलं होतं, सर. बघितलं आणि बोललो नाही."

 सरांनी ताटातला तुकडा उचलून हुंगला.

"पण माझ्या थालीपिठात तर सगळी लसणाच्या वासाचीच पानं आहेत," ते गोंधळून म्हणाले. "एकेक हुंगून वेगळी काढली. घरात कोथिंबीर नव्हती, म्हणून ज्यांना लसणाचा वास नव्हता, तेवढी तुझ्या उपवासाच्या चटणीत वाटली."