हे कुठल्या डब्यात?

"छत्री मोडली. कुठल्या डब्यात टाकू?"

चार नंबरने टाइप केलं, "कापड काळ्यात, काड्या निळ्यात. वेगळं करून टाका."

"आणि मूठ?"

त्याने भिंतीवरचा तक्ता बघितला. तक्त्यात मूठ नव्हती.

शहरात घरोघरी एका डब्याचे चार डबे होऊन साडेतीन महिने झाले होते. ओल्याचा हिरवा, सुक्याचा निळा, काचेचा पांढरा, आणि ज्याचं पुढे काहीच होऊ शकत नाही त्याचा काळा. गाड्यांचे वारही बदलले. लोकांच्या डोक्याचा पार भुगा झाला, म्हणून हे मदत केंद्र. मोबाइलवरून वस्तूचा फोटो पाठवा, आम्ही डबा सांगतो. पण तक्ता दर आठवड्याला बदलायचा. त्यामुळे विचारणारा गोंधळलेला आणि सांगणारा त्याच्याहून.

विचारणाऱ्याचं नाव दिसायचं नाही, नुसता टोकन नंबर. आत बसणाऱ्यांनाही नाव नव्हतं, समोरच्याला नुसता टेबलाचा नंबर दिसायचा. हा चौथ्या टेबलावर, म्हणून चार नंबर.

"सव्वादहा वाजले. आलं बघ तुझं गिऱ्हाईक," शेजारून पाच नंबर म्हणाली. "या माणसावर घड्याळ लावून घ्यावं."

टोकन सतराशे बारा. रोज एकच वस्तू, एकच प्रश्न. फोटो तरी कसले! वस्तू हललेली आणि अर्ध्या चौकटीत स्वतःचाच अंगठा. आज सायकलची घंटी होती.

"हे कुठल्या डब्यात?"

"धातू आहे. निळा."

"वाजते अजून. जरा अडकते, एवढंच."

"वाजली तरी निळाच."

"दुरुस्त नाही का होणार?"

"दुरुस्तीची सोय आपल्याकडे नाही."

मग लाल बटण पेटलं. समाधान झालं नाही, म्हणजे तक्रार उघडी.

काल कान तुटलेला कप होता. परवा चेपलेला कंपास. त्याआधी एक चाक गेलेली खेळण्यातली गाडी. उत्तर बरोबर दिलं तरी लाल, सविस्तर दिलं तरी लाल. याला हवंय तरी काय, चार नंबरला कळेना. एकदा पाच नंबरने ते टोकन स्वतःकडे ओढून घेतलं. समोरून लगेच आलं, "चारवाल्यांकडे द्या."

"अगं बाई, स्थळ चालून आलंय तुला!" ती खिदळली.

साहेब मात्र हसले नाहीत. प्रत्येकाच्या तक्रारी तोलत फिरायचे, म्हणून सगळे त्यांना वजनकाटा म्हणायचे. ते येऊन टेबलाला टेकले.

"शुक्रवारी तुझे तीन महिने भरतात. एक जरी तक्रार उघडी राहिली ना, कायम करायच्या यादीत तुझं नाव जाणार नाही. हा सतराशे बारा मिटव."

"साहेब, तो पटूनच घेत नाही हो."

"तो कचरा विचारतो, तू डबा सांग. गप्पा कशाला मारतोस?"

कायम होणं त्याच्यासाठी फार मोठी गोष्ट होती. दीड वर्षापूर्वी तिसरी नोकरी सुटली तेव्हा बाबा म्हणाले होते, "तू कुठे टिकशील तर शपथ!" आणि तो म्हणाला होता, "कायमचं पत्र हातात असेल तेव्हाच या दारात पाय ठेवीन." दोघं सारखेच हट्टी. त्यानंतर एक शब्द नाही. आईचा तेवढा दुपारी फोन.

"जेवलास का रे?"

"जेवलो. शुक्रवारी बहुतेक पत्र मिळेल."

"ते डब्यांचंच ना? चौथं टेबल?"

"किती वेळा सांगू, आई?"

"बरं बाबा. हे हल्ली मोबाइल शिकलेत. सारखं डोकं खुपसून..."

"त्यांचं नको ना सांगूस."

"नाही सांगत. पाणी पीत जा."

शुक्रवार. सव्वादहा.

चार नंबर आताशा फोटो मोठा करून बघतच नसे. बोटाएवढ्या चित्रात लाकूड दिसलं की लाकूड, काच दिसली की काच. आज एक चौकट होती.

"हे कुठल्या डब्यात?"

"लाकूड निळ्यात, काच पांढऱ्यात."

"आणि आतला फोटो?"

वजनकाटा पाठीशी येऊन उभे राहिले.

"चकचकीत कागद आहे. त्याचं काही होत नाही. काळा."

"ठेवला तर?"

त्याने ओठ चावला. मग धडाधड टाइप केलं, "ठेवून काय करणार? उगाच जागा अडते. टाकून द्या."

समोरचा काहीतरी लिहीत होता. थांबला. पुन्हा लिहू लागला. पुन्हा थांबला. पाच नंबर खुर्चीतून उठून वाकून बघायला लागली.

"बरं. तुम्हीच म्हणताय तर."

आणि हिरवं बटण पेटलं. समाधान झालं.

"सुटलास रे!" पाच नंबरने टाळी दिली. वजनकाट्यांनी चक्क त्याच्या पाठीवर थाप मारली. "संध्याकाळी पत्र घेऊन जा."

त्याने आधी आईला फोन लावला. "आई, झालो कायम! आज घरी येतोय!"

"खरंच? अगंबाई! थांब, यांनाच देते फोन." तिने हाक मारली, मग पुन्हा आली. "आत्ताच खाली गेले बघ. काळ्या डब्याची गाडी आलीय ना."

"असू दे, मी येतोच," तो हसत म्हणाला. टोकन बंद करायचं तर फोटो एकदा उघडावा लागे. फोन कानाशी धरून त्याने उघडला.

लाकडी चौकट. तडकलेली काच. आत सायकलवर पुढचे दोन दात पडलेला तो स्वतः, अंगठा घंटीवर. आणि मागून सीट घट्ट धरून पळणारे, घामाघूम झालेले बाबा.