खडूचे नंबर

वेल्डिंगच्या वर्गात मीच सगळ्यांत वयस्कर, म्हणून मला सगळे काका म्हणायचे. परीक्षेच्या दिवशी माझा जोड वरून झकास दिसत होता, पण त्यात राम नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. शेजारच्या टेबलावरची, एरवी घरी कपडे शिवणारी आमच्याच वर्गातली बाई पाणी प्यायला गेली, तेवढ्यात मी दोन्ही तुकड्यांवरचे खडूचे नंबर पुसले. तिच्या तुकड्यावर माझा लिहिला, माझ्यावर तिचा. मास्तरांनी एकेक तुकडा व्हाइसमध्ये आवळून हातोड्याने ठोकला. माझ्या नंबरचा वाकला, पण तुटला नाही. तिच्या नंबरचा पहिल्याच ठोक्याला कडकन तुटला. "बाई, शिवण उसवली की तुमची!" मास्तर म्हणाले. सगळे हसले, मीही. तिने तुटका तुकडा उचलून पाहिला, मग माझ्या हाताकडे. "पुन्हा करते, मास्तर," एवढंच म्हणाली. जागेवर परतताना तिने माझ्यापुढे फडकं धरलं. "काका, बोटं पुसून घ्या."