भावासाठी शंभर किलोमीटर

डायलिसिस चालू होतं. सुया टोचलेला हात हलवायचा नव्हता, म्हणून नर्सनंच धाकट्याचा मोबाइल उशीला टेकवून दिला. पडद्यावर त्याचा थोरला भाऊ सायकलवरून उतरत होता. धाकट्याच्या उपचारांना पैसे जमावेत म्हणून थोरल्याच्या क्लबातल्या हौशी मंडळींनी शंभर किलोमीटरची सायकलफेरी काढली होती. चाळीसच्या चाळीस जणांच्या टी-शर्टवर धाकट्याचा फोटो होता.

थोरला घाम पुसत माइकवर म्हणाला, "भावासाठी वाट्टेल ते करीन." टाळ्या पडल्या.

"पन्नाशीत काय तब्येत ठेवलीय तुमच्या दादांनी," नर्स म्हणाली. "असा भाऊ मिळायला नशीब लागतं."

"डॉक्टरही हेच म्हणाले होते. दादाच्या तपासण्यांत नाव ठेवायला जागा नव्हती."

"कसल्या तपासण्या?"

"त्याची किडनी मला चालेल का, ते बघायच्या."

नर्सनं एकदा मशीनकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "नाही चालली का?"

"चालणार होती," धाकटा पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "रिपोर्ट आला, त्याच आठवड्यात दादानं ही फेरी ठरवली."