जास्तीची प्रत
घड्याळं दुरुस्त करणारे बाबा इतके चिकट, की तुटका पट्टासुद्धा जपून ठेवत. तरी त्यांनी ऑनलाइन कॉम्प्युटर गेम्सचं एकत्र बंडल विकत घेतलं. त्यातला होड्यांचा गेम आधीच त्यांच्याकडे होता. जास्तीची प्रत त्यांनी माजी जावयाला भेट पाठवली. खाली लिहिलं, ‘वाया जाईल म्हणून.’ वर्षापूर्वी मुलीचा संसार मोडल्यापासून सासरे-जावयांचा रविवारचा खेळही बंद पडला होता. मुलीने मागून स्क्रीनकडे डोकावलं. “अहो बाबा, तुम्ही दोघं हाच तर खेळायचात! त्याच्याकडे आहे की हा.” बाबांनी चष्मा पुसायला घेतला. “असेल. माझ्या कुठं लक्षात राहतंय?” तेवढ्यात उत्तर आलं: ‘बरं झालं बाबा, माझ्याकडे हा नव्हताच. रविवारी शिकवाल?’ मुलीने ते दोनदा वाचलं. “एक विसरभोळा, दुसरा खोटारडा!” ती हसली, मग म्हणाली, “घटस्फोट मी घेतलाय बाबा, तुम्ही नाही. हो म्हणा त्याला.”