गाडीची पायरी

सासूबाईंचे गुडघे गेलेले. माझ्या नवऱ्याने, सुदर्शनने, हौसेने घेतलेल्या उंच जीपमध्ये त्यांना चढताच येईना. मांजरीहून सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांकडे जाताना आम्ही दोघं त्यांना पोत्यासारखं वर ढकलायचो. लोक बघायचे, आणि त्या तोंडावर पदर घ्यायच्या.

ॲक्सेसरीजच्या दुकानात मी सरळ सांगितलं, "आईंसाठी साइड स्टेप बसवू. चांगली रुंद पायरी."

"पायरीने गाडीचा लूक जातो," म्हणत सुदर्शनने रॉक स्लायडर बसवून घेतले. म्हणजे दगडांपासून गाडी वाचवणारे जाड लोखंडी पाइप, गाडीला इतके चिकटून की त्यांवर पाऊल मावत नव्हतं. वर्षभरात त्यांना एकही दगड लागला नाही. दर रविवारी तो ते पाइप पुसत बसायचा, आणि ते बघून मला शिसारी यायची. सासूबाई तर "बरी हाय मी" म्हणत डॉक्टरांकडे जायच्याच बंद झाल्या.

परवा त्याने गाडी दारात आणली, तर स्लायडर काढून दोन्ही बाजूंना रुंद, भक्कम पायऱ्या बसवलेल्या. सासूबाईंचे डोळे भरून आले.

"माझ्यासाठी केलंस व्हय रं?" म्हणत त्यांनी पायरीवर पाऊल ठेवलं.



"आई, उतर खाली, पाय उमटतील," तो म्हणाला, "उद्या भाऊंच्या प्रचाराची रॅली आहे, कार्यकर्ते उभे राहणार आहेत त्यावर."