जोडीचा नवा नियम

यंदा ऊसतोडीला आपल्याबरोबर लखन येणार, असं ताराबाईनं नळावर पाणी भरता भरता सांगितलं, आणि म्हाळूची घागर भरून वाहायला लागली तरी त्याला कळलं नाही.

लखन म्हणजे ताराबाईचा पोरगा. पोलीस भरतीच्या क्लाससाठी बीडला राहून नुकताच परत आलेला. धावण्यात पास, लेखीत नापास. घरी बसून खाण्यापेक्षा आईबरोबर चार मोळ्या बांधील, यात गैर काहीच नव्हतं. पण ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, जोड्या मोजतात. एक जोडी म्हणजे एक कोयता. मायलेकरं मिळून एक कोयता झाला, तर म्हाळू उरला अर्धा. आणि अर्धा कोयता कुठलाच मुकादम खुशीनं नेत नाही.

गेली दहा-अकरा वर्षं म्हाळू आणि ताराबाई हा एक कोयता होता. दोघांचेही जोडीदार फार मागं वारलेले. पहिल्या वर्षी मुकादमानं एकाच्या नावापुढं दुसऱ्याचं नाव लावलं आणि त्यांना कर्नाटकात नेलं. तिथं प्रत्येक जोडीला राहायला पाचटाची एक कोपी, म्हणजे झोपडी, मिळते, तशी यांनाही एकच मिळाली. पुढचं कुणी विचारलं नाही. तेव्हापासून दिवाळी ते गुढीपाडवा ती दोघं नवरा-बायको असत आणि उरलेलं वर्ष शेजारी. तिकडं ती त्याला ‘आवो’ म्हणायची. परतीचा ट्रक नेकनूरच्या अलीकडं आला की ‘भावजी’. गावाला सगळं ठाऊक होतं. पण जे काय व्हायचं ते परराज्यात होत असल्यानं गावाची हरकत नव्हती.

लखनला नको, मला ने, असं म्हाळूला म्हणायचं होतं. पण शेजाऱ्यानं हे कोणत्या नात्यानं म्हणावं? म्हणायचा हक्क त्याला होता तो कर्नाटकात, आणि कर्नाटकच तर बंद व्हायची वेळ आली होती.

तो चहाच्या टपरीवर बसला असताना धोंडीराम मुकादम आपणहून शेजारी येऊन टेकला. चहाही त्यानंच सांगितला. टोळी एकदा ठरली की मुकादम कुणाला चहा पाजत नाही, पण म्हाळूचं तिकडं ध्यान नव्हतं.

“तोंड कावून पाडलं बे?” धोंडीरामनं विचारलं.

म्हाळूनं सांगितलं. मुकादम बराच वेळ विचार करत असल्यासारखा बशीत फुंकत राहिला. मग म्हणाला, “यंदा कारखान्याला लगीन लागलेलीच जोडी पायजे, असा नियम निघाला तर?”

“निघालाय?”

“न्हाई. पण तिला काय माहीत? मी सांगतो. तू नुसती मान हलव.”

“खोटं बोलून लगीन?”

“मग खरं बोलून कर.”

खरं बोलणं म्हाळूच्या आवाक्यातलं नव्हतं. त्यानं मान हलवली.

संध्याकाळी ताराबाईच्या अंगणात मुकादमानं नियम जाहीर केला. परराज्य हाय, कागद मागतेत, वगैरे. ताराबाई भडकली. कारखान्याला ऊस तोडून पायजे का संसार करून, असं तिनं विचारलं, आणि तसं असेल तर आपण यंदा घरीच बसू, असंही ऐकवलं. म्हाळू मुकादमाच्या तोंडाकडं बघू लागला.

मदतीला धावला तो लखन. पुण्यातली शिकलेली पोरंपोरी वर्षानुवर्षं एकत्र राहतात आणि कॅनडाला जायची वेळ आली की व्हिसासाठी लग्न करतात, हे त्यानं मोबाईलवर वाचलेलं होतं. त्यात कमीपणा कसला? त्याचं लग्नाबद्दलचं मत इतकं पुढारलेलं कसं, याचं कोडं पडायला नको. आईचं लग्न झालं की त्याचा कोयता टळत होता.

ताराबाईचे चुलत सासरे तात्याबा मात्र अडून बसले. “लगीन म्हंजे काय ट्रकचं तिकीट हाय का?”

“मामंजी, तुमचं कावून झालतं?” ताराबाईनं विचारलं. “घरात भाकरी थापायला कुणी नव्हतं म्हणूनच ना?”

तात्याबांनी मग जेवणात जिलबी असावी, एवढीच सूचना केली.

मग ताराबाईनं अटी घातल्या. तंबाखू बंद. म्हाळूच्या शेळ्या तिच्या दावणीला. उन्हाळ्यातही तिनं हाक मारली की ‘ओ’ द्यायची. लग्न कागदापुरतं आहे, पण शेळ्या खऱ्या आणायच्या, हे तिनं दोनदा बजावलं. म्हाळूनं सगळं कबूल केलं. मारुतीच्या देवळात हार घातले गेले, जिलबी संपली, ग्रामपंचायतीत नोंद झाली. मुकादम कधी नव्हे तो आहेर घेऊन आला होता.

पण म्हाळूला घास गोड लागेना. नियम खोटा आहे हे तिकडं गेल्यावर तिला कळणारच. टोळीत तोंडं कमी नसतात. आणि ताराबाई एकदा उठून गेली की मागं वळून बघणारी बाई नव्हती.

दिवाळी झाली. ट्रक भरला, भांडी, कोंबड्या, पोरंबाळं वर चढली. मांजरसुंब्याला डिझेलसाठी ट्रक थांबला. इथून गावाकडं परतायला एसटी सहज मिळते, म्हणून म्हाळूनं तिथंच जीव घट्ट केला.

“तारे, तसा काही नियम न्हाई. मुकादमानं अन् मी मिळून रचलतं. तू लखनला घेऊन निघालतीस, मला दुसरं काही सुचलं न्हाई. राग आला असंल तर उतर. मी अडवणार न्हाई.”

ताराबाईनं पदर सावरला, बोचकं जवळ ओढलं आणि त्याला टेकून ऐसपैस बसली.

“लखनला मी कशाला न्हेतेय? त्याला साधी मोळी बांधता येत न्हाई,” ती म्हणाली. “अन् आवो, मुकादमाला टपरीवर मीच धाडलतं.”